भुताखेतांच्या गोष्टी आणि आमचा गट

 

बचत गटाच्या बाया काय बोलणार, तर पापड, शेवया, शिलाई, शेळ्या आणि बँकेचा हप्ता, असंच सगळ्यांना वाटतं. ते आहेच, त्याच्याशिवाय गट चालत नाही. पण आज आम्ही बोलणार आहोत ते भुतांविषयी, चेटकिणींविषयी, यंत्रमानवांविषयी आणि ढगातून नळानं पाणी काढणाऱ्या बायकांविषयी. म्हणजे पुस्तकांतल्या.

आमची बैठक महिन्याच्या पाच तारखेला असते. हजेरी, बचत, वसुली, कर्जाची मागणी, इतिवृत्त लिहून सह्या-अंगठे, हे सगळं उरकलं की अर्धा तास आम्ही वाचन करतो. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दीड वर्ष झालं. सुरुवात साध्या कारणानं झाली. गावात वाचनालय आहे, ‘ड’ वर्गातलं. तिथं बायका जातच नाहीत, असं ग्रंथपाल म्हणाले. गेलो तर व्रतवैकल्यांची आणि पाककृतींची पुस्तकं आमच्या पुढ्यात ठेवली. आमच्यातल्या एकीनं तिथंच सांगितलं, “स्वयंपाक येतो आम्हाला, दुसरं काहीतरी द्या.” मग पहिल्या बैठकीला ‘श्यामची आई’ वाचायला घेतलं. चांगलंच पुस्तक, पण दुसऱ्या बैठकीला चौघींनी पदर डोळ्याला लावल्यावर मागून आवाज आला, “रडायचं घरी पण असतंय. घाबरवणारं आणा की एखादं!”

अशी आमच्याकडं नारायण धारपांची पुस्तकं आली. मराठीत भयकथा म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच. १९२५ साली जन्म आणि २००८ साली मृत्यू. मधल्या काळात शंभराच्या वर पुस्तकं लिहिली. एका पिढीनं ती भाड्याच्या वाचनालयातून आणून, पुठ्ठा निघेपर्यंत वाचली. त्यांच्या काही गोष्टींची मुळं परदेशी पुस्तकांत आहेत. ‘शपथ’ आणि ‘लुचाई’ या कादंबऱ्यांमागं अमेरिकेतल्या स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्या आहेत, हे जाणकार सांगतात. पण वाचताना ते परकं वाटत नाही. वाडा आपला, माजघर आपलं, कंदील आपला. आमच्या गटात दोघींना वाचता येत नाही, आणि सगळ्यांत बारकाईनं ऐकतात त्या दोघीच. “मघाशी दार आतून लावलं होतं, मग आता उघडं कसं?” असं त्या मधेच थांबवून विचारतात. लहानपणापासून गोष्टी कानानं घेतल्यात त्यांनी, त्यांना फसवता येत नाही.

भुताची गोष्ट सुरू झाली की प्रत्येकीला आपल्याकडचं भूत आठवतं. एका बैठकीत वाचन राहिलं बाजूला आणि आम्ही भुतांची नावंच मोजत बसलो. मुंजा, वेताळ, खवीस, गिऱ्हा, चकवा, ब्रह्मसमंध. मग बायकांची भुतं. आमच्यात एक सून कोकणातून आलेली आहे, तिनं आणखी भर घातली. हडळ, जखीण, अळवंत, लावसट. कुठलं नाव कुणाचं, यावर थोडी भांडणं झाली, कारण दर दहा कोसांवर अर्थ बदलतो. पण जमलेल्या बायकांच्या सांगण्याप्रमाणं हडळ आणि अळवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली, जखीण म्हणजे सवाष्ण गेलेली, लावसट म्हणजे विधवा होऊन गेलेली. पुरुषांत मुंजा तेवढा मुंज होऊन लग्नाआधी गेलेला.

हे बोलता बोलता सगळ्या गप्प झाल्या. आमच्यात आशाताईचं काम करणारी एक आहे. ती म्हणाली, “ही भुतांची यादी नाही, ही मयतांची नोंदवही आहे.” बाळंतपणात बाई मेली तर दवाखान्याच्या कागदावर कारण लिहितात, रक्तस्राव, झटके, रक्त कमी. जेव्हा कागद नव्हता तेव्हा गावानं तिला हडळ म्हणून लिहून ठेवलं. तिचे पाय उलटे केले आणि तिला भिऊन राहिलं. मेलेल्या बाईला एवढं भिण्यापेक्षा जिवंतपणी तिला लोह आणि दूध दिलं असतं तर, असं एक जण पुटपुटली. त्या दिवशी इतिवृत्ताच्या वहीत ‘वाचन झाले नाही’ असं लिहिलंय, पण आमच्या मते त्या दिवशीच सगळ्यांत जास्त झालं.

आता वादाचं सांगतो. धारपांची ‘आजी’ नावाची एक गोष्ट आहे. २०१८ साली ‘तुंबाड’ नावाचा हिंदी सिनेमा आला होता, मोबाइलवर पुष्कळ जणींनी पाहिला असेल. त्याच्या दिग्दर्शकाला पहिली ठिणगी या गोष्टीवरून मिळाली. सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेलं, पण आतली भीती धारपांच्या वळणाची. या गोष्टीत भीती बाहेरून येत नाही. ती घरातल्या म्हाताऱ्या आजीचीच आहे. ऐकताना पोरीसोरींनी एकमेकींचे हात धरले होते. गोष्ट संपली आणि आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या आक्का उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “पुढच्या वेळेला हे वाचणार असाल तर मी बचत देऊन निघून जाईन.”

आम्हाला वाटलं घाबरल्या. तसं नव्हतं. बसा म्हटल्यावर बसल्या आणि बोलल्या. त्यांच्या माहेरी, त्यांच्या आईला वस्तीवर असंच म्हणत होते. शेजारचं मूल तापानं गेलं आणि कुणीतरी म्हणालं, हिची नजर. पुढं कुणी हळदीकुंकवाला बोलावेना, हिच्या घागरीच्या मागं घागर लावेना. हिच्या दारावरून जाताना बाया पोरांचं तोंड पदरानं झाकायच्या. चौदा वर्षं आई तशी जगली आणि तशीच गेली. “पुस्तकवाल्याला मजा वाटती म्हातारी भेसूर रंगवायला,” आक्का म्हणाल्या, “पण त्या गोष्टीतली म्हातारी कुणाची तरी आई असती.”

यावर आमची जी चर्चा झाली ती दोन बैठका चालली. एक मत असं, की ही पुस्तकं बंदच करावीत. आधीच अंधश्रद्धा थोडी आहे का? डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात हयात घातली, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि आपण इथं चेटकिणीच्या गोष्टी मिटक्या मारत वाचतोय. दुसरं मत आमच्यातल्या बारावी झालेल्या एका सुनेचं. ती म्हणाली, पुस्तकातलं भूत पुस्तक मिटलं की संपतं, त्रास होतो तो पुस्तक न वाचलेल्यांच्या भुतांचा. वस्तीवरच्या कुणी धारप वाचून आक्काच्या आईला नावं ठेवली होती का? हे खरं होतं. आणि आक्कांचं म्हणणंही खरं होतं. कारण गोष्ट वाचून कुणी नवीन भूत शिकत नसलं, तरी म्हातारी एकटी बाई म्हणजे काहीतरी वाईट, हे डोक्यात मुरतंच.

आमचं आजचं मत सांगायचं तर आम्ही वाचन बंद केलं नाही. पण तेव्हापासून गोष्ट संपल्यावर एक प्रश्न विचारतो: या गोष्टीत दोष कुणावर टाकलाय? तो प्रश्न आक्काच विचारतात. कधीकधी लेखक त्यात नापास होतो, मोठा असला तरी.

याचा उपयोग कुठं झाला ते ऐका. गेल्या दिवाळीच्या सुमारास वस्तीवर एकाची म्हैस दुधाला बसली. कास कडक झाली. लगेच कुजबुज सुरू, की अमकीनं येता-जाता बघितलं. अमकी म्हणजे एकटी राहणारी विधवा, दुसरं कोण असणार? आक्का काठी टेकत तिथं गेल्या आणि म्हणाल्या, आधी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावा. डॉक्टर आले, दगडी झाली होती. वेळेत इलाज झाला आणि म्हैस तीन सडांवर का होईना दूध द्यायला लागली. तिथं जमलेल्यांना आम्ही कायद्याचंही सांगितलं. एखादी बाई करणी करते, हिच्यामुळं जनावरं आटतात, असं म्हणून तिला त्रास देणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. ऐकणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीवर अशी एखादी अमकी असेल तर हे तिलाही सांगा आणि तिच्या शेजाऱ्यांनाही.

भीतीचं आणखी एक सांगायचं राहिलं. एकदा वाचन झाल्यावर आम्ही विचारलं, कुणाला कशाची भीती वाटते? रात्रीच्या लायटीला मोटार चालू करायला रानात जाताना साप, बिबट्या, असं सगळं आलं. एक जण म्हणाली, भुताचं बरं असतं, ते अमावस्येला येतं, वसुलीवाला दर मंगळवारी येतो. सगळ्या हसल्या. ती हसली नाही. तेव्हा कळलं की गटाच्या कर्जाशिवाय तिनं बाहेरच्या तीन ठिकाणांहून कर्ज उचललंय, एकाचा हप्ता दुसऱ्यातून फेडतेय, आणि तो माणूस आला की ती पोरांना घेऊन मागच्या दारानं ज्वारीत जाऊन बसते. वर्षभर आमच्याशेजारी बसून सह्या करत होती, बोलली नव्हती. भुताच्या गोष्टीच्या आडून बोलली. मग गटातून तिचं मोठ्या व्याजाचं कर्ज आधी फेडून टाकलं. आता ती गटाचा हप्ता भरते.

रत्नाकर मतकरींची पुस्तकं आम्ही नंतर घेतली. ते आपल्या लिखाणाला भयकथा म्हणण्यापेक्षा गूढकथा म्हणायचे. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ ही त्यांची पुस्तकं. वाचताना फरक कळतो. धारपांच्या गोष्टीत भूत असतं आणि त्याला हरवणारा कुणी समर्थ असतो. मतकरींच्या गोष्टीत पुष्कळदा माणसाच्या मनातच काहीतरी सडत असतं, आणि शेवटी कुणी वाचवायला येत नाही. आमच्यात यावरून सरळ दोन तट आहेत. दिवसभर राबून आलेल्यांना धारप आवडतात, कारण शेवटी सुटका होते. शिकलेल्या पोरींना मतकरी आवडतात. आमचं स्वतःचं झुकतं माप मतकरींना, पण रात्री एकटीनं वाचू नये असंच आम्ही सांगू. याच मतकरींनी मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं, त्यातली चेटकीण बघून पोरं खदाखदा हसतात. एकच माणूस चेटकिणीला भेसूर पण करू शकतो आणि हसण्यासारखी पण. आक्कांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग हसण्यासारखीच करावी की.” मतकरी २०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या पहिल्या लाटेत गेले.

विज्ञानकथा म्हटल्यावर आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. शाळेतल्या विज्ञानाची आठवण कुणालाच गोड नव्हती. तेव्हा पुस्तक न उघडता आम्ही आधी जयंत नारळीकरांची एक हकिगत सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. आपल्या नावाकडं बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं टोपणनाव घेतलं. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून गोष्ट उतरवून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. त्या स्वतः गणितातल्या विदुषी. ‘कृष्णविवर’ ही ती गोष्ट, तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढं १९७५ साली आपल्या कराडला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष असलेल्या दुर्गाबाई भागवतांनी भाषणात या नव्या लिखाणाची दखल घेतली. त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ चा. गेल्या काही वर्षांत दोघंही गेले, मंगलाताई २०२३ साली आणि नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात.

ही हकिगत ऐकून लगेच प्रश्न आला, अक्षर तिचं तर बक्षिसात वाटा किती? तो प्रश्न आम्ही तुमच्यावरच सोडतो.

मग वाचली ‘उजव्या सोंडेचा गणपती’. नाव ऐकून सगळ्या सावरून बसल्या, कारण उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं फार, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. अष्टविनायकातला सिद्धटेकचा उजव्या सोंडेचा. पण नारळीकरांच्या गोष्टीत कोप वगैरे नाही. एखादी वस्तू, एखादा माणूस अशा एका वाटेनं फिरून आला की त्याची डावी बाजू उजवी होते, आरशात दिसतो तसा तो परत येतो. मूर्तीची सोंड उजवी होते आणि क्रिकेटच्या खेळाडूचा हातही बदलतो. वाचणारीनं हे वाचलं खरं, पण कळलं कुणालाच नाही. वाट कसली? फिरून आलं की उलटं कसं होईल?

इथं आमच्या शिलाईवाल्या ताई कामाला आल्या. त्या म्हणाल्या, परकराच्या नेफ्यात इलास्टिक घालताना एक पीळ पडतो आणि तसंच टाचलं जातं, ते हेच का? हेच ते. आम्ही झिरझिरीत कापडाची एक लांब पट्टी कापली, एक पीळ दिला आणि टोकं जोडून टाचली. मग खडू घेऊन पट्टीच्या मधोमध रेघ ओढत गेलो. खडू न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून जिथं सुरू केली तिथंच आली. म्हणजे या पट्टीला दोन बाजूच नाहीत, एकच आहे. याला म्यूबियसची पट्टी म्हणतात, जर्मनीतल्या एका गणितज्ञाचं नाव आहे ते. नंतर कागदाचा डावा पंजा कापून तो त्या झिरझिरीत पट्टीला चिकटून सरकवत नेला. एक पूर्ण फेरी झाल्यावर तो पट्टीच्या मागून दिसला, आणि कापडातून बघितलं तर उजवा पंजा! दोघी अशिक्षित मावशींनी ते चार वेळा करून बघितलं. एकीनं ती पट्टी घरी नेली, नवऱ्याला दाखवायला. दुसऱ्या महिन्यात तिनं सांगितलं, “त्यांना नाही कळलं.” तिचा तेव्हाचा चेहरा रेडिओवर दाखवता येत नाही.

अशी गोष्ट आम्हाला भुताच्या गोष्टीहून वेगळी वाटली ती एवढ्यासाठी. भुताच्या गोष्टीत ‘का’ विचारलं की मजा जाते, आणि विज्ञानकथेत विचारलं नाही तर जाते. मात्र सगळ्याच विज्ञानकथा अशा जमत नाहीत, हेही सांगायला हवं. काहींत माणसं नुसती पाट्या घेऊन उभी असतात आणि लेखक त्यांच्या तोंडून धडा वाचतो. अशी दोन पुस्तकं आम्ही अर्ध्यात परत केली. नावं घेत नाही, लिहिणाऱ्यांनी कष्ट केलेत.

सगळ्यांत जास्त गाजली ती गोष्ट मराठीतली नव्हे. बंगालमधल्या रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’, म्हणजे सुलतानाचं स्वप्न. इंग्रजीत लिहिलेली, १९०५ साली मद्रासहून निघणाऱ्या बायकांच्या इंग्रजी मासिकात छापून आलेली. आम्ही ती आधी वाचून आपल्या भाषेत सांगितली. रुकैया पडद्यात वाढल्या. मुलींना शाळा नाही, इंग्रजी त्या मोठ्या भावाकडून शिकल्या. नवरा भागलपूरला सरकारी अधिकारी. तो दौऱ्यावर गेला असताना घरात बसून त्यांनी ही गोष्ट लिहिली. परत आल्यावर त्यानं उभ्या उभ्या वाचली, आणि हा तर सूडच घेतलास, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. पण बायकोला शिकायला मदत करणाराही तोच. तो गेल्यावर त्याच्या नावानं रुकैयांनी १९११ साली कलकत्त्यात मुलींची शाळा काढली.

गोष्टीत सुलतानाला स्वप्न पडतं आणि ती बायकांच्या देशात जाते. तिथं पुरुष घरात, पडद्यात. रस्त्यावर बाया मोकळ्या हिंडतात. राज्य राणीचं. बायकांची विद्यापीठं आहेत. एका विद्यापीठातल्या बायकांनी नळ्या जोडलेला फुगा ढगांपर्यंत सोडून हवं तेव्हा पाणी काढायची युक्ती केली, दुसऱ्या विद्यापीठानं सूर्याची उष्णता साठवली. स्वयंपाक उन्हाच्या उष्णतेवर, घरात धूर नाही. शत्रू चालून आला तेव्हा पुरुष हरले आणि या बायकांनी साठवलेली उष्णता सोडून शत्रूला पळवलं. एकवीस वर्षांच्या आत मुलीचं लग्न नाही. रोजचं काम दोन तास. पुरुषांना कचेरीत जास्त वेळ का लागायचा, तर निम्मा दिवस चिरूट ओढण्यात जायचा!

इथं जो हशा झाला तो शेजारच्या देवळात ऐकू गेला. चिरुटाच्या जागी तंबाखू आणि पारावरच्या गप्पा घातल्या की झालं. पण हसून झाल्यावर आमच्या दुष्काळी भागातल्या बायका अडकल्या त्या ढगाच्या नळापाशी. टँकरच्या रांगेत आयुष्य गेलेल्या बायकांना ते स्वप्न भलतं वाटलं नाही, हिशेबाचं वाटलं. किती लांब नळी लागेल, फुगा वाऱ्यानं जाईल का, मालकी कुणाची, ग्रामपंचायतीची की गटाची? सव्वाशे वर्षांपूर्वी पडद्यात बसलेल्या बाईनं धूर नसलेली चूल आणि उन्हावर चालणारं यंत्र मनात आणलं. आज आमच्यातल्या दोघींच्या रानात सौर पंप आहे.

आणि एका सतरा वर्षांच्या पोरीनं, आईबरोबर आली होती, हात वर करून विचारलं, “पण त्या पुरुषांना कोंडून का ठेवलंय? मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?” तिची आई म्हणाली, चार दिवस कोंडून तर बघू दे, मग फरक काढू. पोरगी ऐकेना. लेखिकेला खरंच तसं हवं होतं, की उलटा आरसा धरून दाखवायचं होतं, यावर आमचं अजून एकमत नाही.

मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ आम्ही थोडक्यातच सांगितलं. १८१८ साली छापलेलं, आणि लिहायला घेतलं तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची. त्याआधीच्या वर्षी तिचं तान्हं मूल गेलेलं. मेलेल्या तुकड्यांतून जीव तयार करणाऱ्या माणसाची गोष्ट तिनं लिहिली, त्यात राक्षस वाईट नाही, त्याला जन्म देऊन टाकून पळालेला माणूस वाईट, असं आमच्यातल्या झाडून सगळ्या बायकांचं म्हणणं पडलं. फ्रँकेन्स्टाइन हे नावही राक्षसाचं नव्हे, त्या पळालेल्या माणसाचं. राक्षसाला त्यानं नावच ठेवलं नाही. “बारसं पण केलं नाही मेल्यानं!” एवढीच प्रतिक्रिया आली, आणि तिच्यापुढं आम्हाला काही जोडायचं नाही.

पोरींना हॅरी पॉटर हवा असतो. मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आहे, जाड असल्यामुळं बैठकीत जमत नाही, त्या आपापल्या वाचतात. लहानपणी ‘चांदोबा’तला विक्रम आणि वेताळ वाचलेल्या आम्हाला त्यात नवल वाटत नाही. प्रेत खांद्यावर, बोललास तर परत झाडावर, हे आपल्याला पाठ आहे.

सासूबाई म्हणतात, असलं वाचून पोरी बिघडतील. त्यांना आम्ही बैठकीलाच बोलावतो. तीन सासवा येऊ लागल्यात, त्यांतली एक आता दाराला टेकून न बसता पुढं येऊन बसते.

सध्या आम्ही शुभदा गोगटे यांची ‘यंत्रायणी’ शोधतोय. बाईनं मराठीत लिहिलेली विज्ञान कादंबरी आहे. खंडाळ्याच्या घाटातला रेल्वेचा मार्ग कसा खोदला त्यावर कादंबरी लिहिली, त्याच या बाई. आमच्या वाचनालयात नाही, तालुक्याच्या वाचनालयात सांगून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर या केंद्रावर निरोप ठेवा, पुठ्ठा घालून परत करू. पुस्तक येईपर्यंत दर बैठकीला एकीनं स्वतः रचलेली गोष्ट सांगायची ठरलंय. मागच्या पाच तारखेला आक्कांनी सांगितली. २०७५ साल, गावात एक यंत्र येतं आणि ते माणसाच्या मनातली भीती मोठ्यानं बोलून दाखवतं. पाटलांच्या घरापर्यंत यंत्र आलं आणि लाईट गेली. उरलेली गोष्ट येत्या पाच तारखेला.